इंगवल्यांचा शब्द

डहाणूरोडच्या मालधक्क्यावर मी मालबाबू होतो तेव्हा माझा सगळा दिवस गवतात जायचा. दिवाळी झाली की तलासरीकडच्या रानातलं गवत कापून बैलगाड्यांनी स्टेशनाजवळच्या वखारींत यायचं, तिथे दाबून त्याच्या गाठी बांधल्या जायच्या आणि वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना रवाना व्हायच्या. मे महिन्यापर्यंत दुसरं काही नाही. शर्टात कुसळं, नाकात धूळ आणि वॅगन मिळत नाही म्हणून व्यापाऱ्यांची कुरकुर. या सगळ्यात बैल होते, पण खोटं कशाला बोलू, मला ते दिसत नसत. गाडी आली म्हणजे माल आला, एवढंच मला कळे.

एका सकाळी धक्क्याकडे गाड्यांची रांग अडली म्हणून मी तणतणत बाहेर आलो. रांगेच्या तोंडाशी एक उंच, काळेला, खाकी हाफपँटीतला माणूस दोन बैलांच्या मध्ये उभा होता. एका बैलाच्या जोखडाखाली त्यानं हाताचा पंजा घातला होता आणि डोळे मिटले होते. मागच्या गाडीवाल्यांचा आरडाओरडा चाललेला, त्याला पत्ता नाही.

"अहो, काय चाललंय काय? रस्ता सोडा," मी ओरडलो.

"थांबा मालबाबू," तो डोळे न उघडता म्हणाला. "याचं सांगून होऊ दे."

मग त्यानं पंजा बाहेर काढून माझ्यापुढे धरला. त्यावर रक्त आणि पू होता. बैलाचा खांदा जोखडानं सोलवटून निघाला होता, आणि वरून गवताच्या भाऱ्यांचा डोंगर होता. मागचे अजून ओरडत होते, त्यांना मी गप्प केलं. त्याचं त्या माणसाला बरं वाटलेलं दिसलं. माझ्याबद्दल त्याचं मत त्या दिवशी जे चांगलं झालं ते पुढे मी कितीही घाबरटपणा केला तरी टिकलं.

हे रघुनाथ इंगवले. मुंबईच्या एका प्राणिदया संस्थेनं डहाणू आणि तलासरी या भागासाठी नेमलेले इन्स्पेक्टर. मूळचे साताऱ्याकडचे. लढाईच्या काळात फौजेच्या खेचरांच्या इस्पितळात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारे, होते आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आले होते. ते तिकडे असतानाच इकडे बायको गेली. मुलगी आजोळी वाढली, तिकडेच लग्न होऊन गेली. इंगवले दर रविवारी तिला पत्र लिहीत. उत्तर दिवाळीला यायचं, आणि त्यात ती वडिलांना 'आपण' म्हणायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच एका बैलाचे खूर बघायला उठून गेले.

त्यांच्या हाफपँटीच्या खिशात कायम एक पकड असे. गाडीवानाच्या पराणीच्या टोकाला बैलाला टोचायची आर दिसली की इंगवले आधी त्या गाडीवानाला रामराम करत, घरचं विचारत, तंबाखूची चिमूट देत, आणि बोलता बोलता पराणी हातात घेऊन पकडीनं आर उपटून काढत. काठी अदबीनं परत देत. "काठी तुमची, खिळा माझा," एवढंच म्हणत. खटला भरायचा अधिकार त्यांना होता, पण तो त्यांनी फारसा वापरला नाही. बहुतेक गाडीवान वारली आदिवासी, बैल शेठचे. "याला कोर्टात उभा करून काय मिळवू?" ते मला म्हणाले. "हा आणि बैल एकाच जोखडात आहेत."

डहाणू गावात खाडीजवळ एका मच्छीमाराच्या घराची पडवी त्यांनी भाड्यानं घेतली होती. घरमालकीण पारूबाय सुकी मासळी विकायला स्टेशनावर यायची. ती मला म्हणे, "बाबू, तो तुमचा साहेब बैलांशी बोलते, वाटेच्या कुत्र्याशी बोलते. घरात आला का मुका." तिनं ठेवलेलं जेवण ते जेवत, ताट धुऊन ठेवत, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हाक मारली तर फौजेत हजेरी द्यावी तसे ताडकन उठत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या भागात जनावरांचं भलं करणाऱ्या तीन संस्था होत्या, आणि तिघींचं एकमेकींशी वाकडं होतं. एक इंगवल्यांची मुंबईची. दुसरी तलासरीच्या वाटेवरची एक लहानशी पांजरपोळ, ती आता राहिलेली नाही. तिचे कारभारी हिरजीभाई शेठ, गवताचे मोठे व्यापारी. तिसरी म्हणजे चिखले गावातल्या खोरशेदबाई इराणी. त्यांनी नवऱ्याच्या नावानं ट्रस्ट करून आपल्या चिकूवाडीत जनावरांचा दवाखाना काढला होता. पांजरपोळवाले म्हणत, मुंबईवाले खटले भरतात आणि जनावरं मारतात. मुंबईवाले म्हणत, पांजरपोळ म्हणजे जनावरांना सावकाश मारायची जागा. खोरशेदबाई दोघांनाही शिव्या देत, आणि त्यांच्या पारशी गुजरातीतल्या शिव्या लिहून ठेवण्यासारख्या होत्या, पण इथे लिहिता येत नाहीत.

भांडण नेमकं एका गोष्टीचं होतं. जे जनावर बरं होणारच नाही आणि वेदनेनं तडफडतं आहे, त्याला इंजेक्शन देऊन मोकळं करावं की नाही? इंगवले आणि खोरशेदबाई म्हणत, करावं. हिरजीभाई म्हणत, "जीव आपण दिला नाय, तर घ्यायचा हक्क आपल्याला कुठून आला, भाई?" यावरून पांजरपोळीनं बाकी दोघींचं वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास प्राण्यांच्या छळाविरुद्ध नवा कायदा झाला होता आणि त्याच्याखाली काय नियम असावेत याची विचारणा सुरू होती. इंगवल्यांच्या डोक्यानं घेतलं की गाडीवर किती ओझं असावं आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन बैल जुंपू नयेत, हे दोन नियम आपल्या भागातून लिहून जावेत, आणि सरकार ठरवेल तेव्हा ठरवो, आपण ते आजच पाळायला लागावं. पण एकेका संस्थेचा कागद फायलीत जाऊन पडतो. तिघींच्या सह्या एका कागदावर असल्या तर निदान कुणीतरी वाचेल. शिवाय गाड्या शेठ लोकांच्या. हिरजीभाईंची सही नसेल तर तो नियम रस्त्यावर कोण पाळणार?

माझं अक्षर चांगलं, म्हणून सभांचं टिपण लिहायला त्यांनी मला धरलं. नियम हवेत म्हणून खोरशेदबाई आधी वळल्या, आणि शेठ येत नसले तरी सभा बाईंच्या ओट्यावर व्हायच्या. बाईंचा पुदिन्याचा चहा आणि इंगवल्यांचं तिथलं बसणं मला अजून दिसतं. सगळ्या डहाणू तालुक्यात ते पाय सैल सोडून बसत असतील तर त्याच एका ओट्यावर. बाई त्यांना अरेतुरे करत, "अरे इंगवले, तू खातो काय नाय? हाडं दिसते तुझी!" म्हणून बळेच बिस्किटं पुढे करत, आणि हा फौजी गडी लाजत खात असे.

ब्रह्मदेशाची गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली. माघार घेताना पाय मोडलेली खेचरं मागे टाकायची नाहीत, गोळी घालायची, असा हुकूम होता. ते काम इंगवल्यांकडे होतं. "प्रत्येकाचं नाव घ्यायचो, कपाळावर हात ठेवायचो, मग चाप ओढायचो," ते म्हणाले. "त्यांचा मला त्रास होत नाही. एक खेचर राहिलं. गोळ्या संपल्या होत्या. आम्ही पुढे निघालो आणि ते मान उचलून बघत राहिलं. मला त्रास देतं ते हेच."

खोरशेदबाई उठून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

हिरजीभाईंकडे जायचं ठरलं तेव्हा इंगवल्यांनी मलाही बरोबर घेतलं. पांजरपोळीत गेल्यावर माझी अपेक्षा होती की शेठ आम्हाला गादीवर बसवून वाटेला लावतील. पण शेठ स्वतः गोठ्यात, हातात गुळाचा खडा. लंगडे, आंधळे, खांदे सडलेले बैल ओळीनं बसलेले, आणि हा पिकल्या मिशांचा माणूस एकेकाला नावानं हाक मारून गूळ चाटवत होता. त्या माणसाच्या दयेत खोट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

इंगवले प्रत्येक बैलाजवळ थांबले. मग म्हणाले, "शेठ, या मांडीवर डागलेला शिक्का कुणाच्या वखारीचा?"

शेठनी वाकून बघितलं. मग शेजारच्या बैलाचा बघितला. मग त्याच्या पलीकडच्या.

"माझ्या," ते म्हणाले.

वखारीचं सगळं मुनीम बघत असे. होळीनंतर हंगाम संपता संपता जे बैल मोडत ते मुनीम गुपचूप पांजरपोळीत पाठवून देई आणि नवे घेई. पांजरपोळ कुणालाच नाही म्हणत नसे, त्यामुळे बैल जपायची कुणाला गरज वाटत नव्हती. शेठ एका हातानं ज्यांना मोडत होते त्यांनाच दुसऱ्या हातानं गूळ भरवत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना ते कळलं नव्हतं.

 इंगवल्यांनी टोमणा मारला नाही, शेठना रामराम करून निघाले, हे मला फार आवडलं.

दोन दिवसांनी शेठ आपणहून मालधक्क्यावर आले. माझ्या टेबलासमोर बसून इंगवल्यांना म्हणाले, "ओझं तुमी सांगाल तेवढं. बारा ते तीन गाडी बंद. माझ्या वखारीत आजपासून, आन् दुसऱ्या शेठ लोकांना मी हात जोडतो. सही देतो. पण इंगवलेभाई, माझी एक अट हाय. या मुलखात तुमची सुई नाय चालणार. कुठलंबी जनावर, कसंबी असू दे. तुमी नाय, बाई नाय. सही तिघांची, तर शब्दबी तिघांचा."

मी लेखणी उचलून बसलो होतो. इंगवले खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धक्क्यावर गाड्या उभ्या होत्या. त्यांनी किती वेळ घेतला मला सांगता येणार नाही, पण माझ्या टाकाची शाई वाळली.

"दिला शब्द," ते म्हणाले.

शेठनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. इंगवल्यांनी तो धरू दिला.

खोरशेदबाईंनी कागदावर सही केली, कारण नियम त्यांनाही हवे होते. पण सही करून कागद इंगवल्यांच्या अंगावर टाकला. "तू तो पथ्थर छे," त्या म्हणाल्या. "ब्रह्मदेशची वार्ता मला सांगितली आन् आता असा सौदा केला? पाछो आवतो नहीं, परत पाय नको टाकू इथे." त्यानंतर त्या ओट्यावर चहा झाला नाही. सायकलवरून चिखल्याच्या बाजूनं जाताना इंगवले वाडीच्या फाटकासमोर उतरत, सायकल हातात धरून चालत, आणि फाटक मागे पडलं की पुन्हा बसत. एकदा मी बरोबर होतो. फाटक उघडंच होतं.

मसुदा मी लिहिला होता, आणि त्यातली चूकही माझीच. एप्रिलातल्या पहिल्याच दिवशी मी आणि इंगवले दुपारी तलासरीच्या रस्त्याला गेलो, नियम पाळला जातो का बघायला. नियम तंतोतंत पाळला जात होता. भर उन्हात, झाडाचं पान नाही अशा माळावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. गाडीवान गाडीखालच्या सावलीत झोपलेले. आणि बैल जोखडाखाली, ओझ्यासकट, तोंडातून फेस गाळत उभे. मी लिहिलं होतं, 'बारा ते तीन गाडी चालवू नये.' बैल सोडावेत, असं लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मालबाबू," इंगवले म्हणाले, "आपण गाडीला विश्रांती दिली."

मला वाटलं ते चिडतील. ते हसायला लागले. मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं, आणि ते हसणं ऐकून मला बरं वाटण्याऐवजी भीती वाटली.

जान्या नावाच्या एका वारली गाडीवानाला त्यांनी उठवलं. "बैल का नाही सोडले?"

"कसा सोडू, साहेब? भरली गाडी हाय. बैल सोडला का तोंडावर पडंल ना! खाली काय लावू, माझा हात?"

खरंच होतं. दोन चाकांची भरलेली गाडी बैलांच्याच मानेवर तोललेली असते. तिला पुढून टेकू दिल्याशिवाय बैल सुटत नाही. मुंबईच्या संस्थेला हे माहीत नव्हतं, पांजरपोळीनं विचारलं नव्हतं, आणि मी तर रोज गाड्या बघत होतो. तीन संस्थांनी मिळून केलेला नियम एका लाकडाच्या दांडक्यावाचून अडला होता.

मग पुढचे काही आठवडे इंगवल्यांनी जे केलं ते त्यांचं खरं काम. रस्त्यावर जिथे जिथे दाट झाडं होती तिथे थांबे ठरवले. हिरजीभाईंनी पाण्याचे हौद बांधून दिले. टेकूंसाठी लाकडं खोरशेदबाईंच्या वाडीतून आली. त्या इंगवल्यांशी बोलत नव्हत्या, पण वाऱ्यानं पडलेली झाडं त्यांनी गड्यांबरोबर पाठवली, तोडून, नीट मापाची करून. मुंबईच्या संस्थेनं पाट्या रंगवून दिल्या, पण पाटी वाचणारं त्या रस्त्यावर कोण होतं! म्हणून इंगवले स्वतः थांब्याथांब्यावर उभे राहत आणि टेकू कसा लावायचा ते प्रत्येकाला दाखवत. मेच्या मध्याला एक दिवस असा आला की त्यांनी काही न सांगता गाड्या झाडाखाली लागल्या, टेकू लागले, बैल सुटले. जान्या हौदावर बैलांच्या अंगावर पाणी मारत होता. मी इंगवल्यांकडे पाहिलं.  त्यांच्या शेजारी उभं राहून ते बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शेठ वखारीत होते, बाई वाडीत, मुंबईवाले मुंबईत. तिन्ही संस्था एक झाल्या आणि ज्यानं त्या एक केल्या तो एकटा पडला.

पुढच्या हंगामात माझी बदली वलसाडला झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी पारूबायकडे गेलो तर ती म्हणाली, "दोन दिस झाले, घरी आला नाय. तलासरीच्या वाटेवर बसलाय, बैलापाशी."

सायकल घेऊन मी गेलो. कैनाड गाव मागे टाकून बराच पुढे, एका थांब्यावर ते सापडले. दोन दिवसांपूर्वी सकाळी लाकडाच्या एका ट्रकनं कुणाच्या तरी बैलाला उडवलं होतं. मागचे दोन्ही पाय आणि कंबर गेली होती. बैलाचा मालक पसार. बैल झाडाखाली आडवा पडला होता, आणि मधूनमधून पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होता. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून जो आवाज निघे तो मला इथे लिहायचा नाही.

इंगवले मांडी घालून बसले होते आणि बैलाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ओल्या फडक्यानं ते माश्या वारत होते. दाढी वाढलेली.

"हिरजीभाई पालिताण्याला यात्रेला गेलेत," ते आपणहून म्हणाले. "बाई सकाळी गाडीतून आल्या होत्या. सुई घेऊन."

"मग?"

"मी बैलाच्या आड बसलो. त्यांनी मला थोबाडीत मारली आणि रडत परत गेल्या."

मी इकडेतिकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. मी हळूच म्हणालो, "इंगवलेसाहेब, इथे कोण बघतंय? वलसाडला गेल्यावर मी कुणाला सांगणार आहे?"

"शेठना कळलं तर ते सही मागे घेतील," ते म्हणाले. "आणि नाही कळलं तरी मी शब्द दिलाय, मालबाबू. तो देताना मला माहीत होतं की असा एक दिवस येणार. मला वाटलं होतं, मी तेव्हा कुठेतरी लांब असेन."

बैलानं परत उठायचा प्रयत्न केला. इंगवल्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि आपल्या साताऱ्याकडच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. नाव घेत असावेत, पण त्या बैलाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, म्हणून एकामागून एक निरनिराळी नावं घेत होते.

मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मला बसवलं नाही. बायकोनं सामान बांधून ठेवलंय, उद्याची गाडी आहे, असं काहीतरी बोलून मी सायकल उचलली. त्याबद्दल मला आजही माझीच लाज वाटते.

थोडं पुढे जाऊन मी मागे वळून बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तलासरीकडून गवताच्या गाड्या थांब्याकडे वळत होत्या. पहिली गाडी झाडाखाली येऊन उभी राहिली. गाडीवान नवखा पोरगेलासा होता. त्या बैलाकडे आणि त्या माणसाकडे बघत तो नुसताच कासरा धरून उभा राहिला.

इंगवल्यांनी मांडीवरचं डोकं हलू न देता मान वर केली.

"बघतोस काय?" ते म्हणाले. "टेकू लाव, आणि बैल सोड."